मोबाईलमधला डाव आणि गटाची वही

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या आणि गटाची बैठक थांबवून मोबाईल मध्ये ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्या तायांना, वहिनींना, मावशींना नमस्कार. मागच्या वेळी आपण शेळीच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आज जनावराबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं ते आपल्या हातातल्या मोबाईलबद्दल, त्यातल्या खेळांबद्दल आणि त्या खेळांच्या मागं फिरणाऱ्या पैशाबद्दल. या पैशातलं काही आपल्या घरातून जातंय. थोडं आपल्या घरी येऊही शकतं. दोन्ही सांगणार आहे.

आधी माझी चूक सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्या प्रभागात आम्ही डिजिटल व्यवहाराची शिबिरं घेतली. गावोगाव फिरून मीच बायांना यूपीआय शिकवलं. पैसे कसे घ्यायचे, कसे पाठवायचे, पिन कसा टाकायचा. बऱ्याच जणींना भीती, की पिन विसरला तर काय? मग मी हसत हसत सांगायचे, "लेकराच्या जन्माचं साल ठेवा, ते काही आई विसरत नाही." सगळ्या हसायच्या आणि तेच साल टाकायच्या. सोपं पडायचं. शिबिर वेळेत उरकायचं.

त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट आहे. नाव, गाव सांगत नाही. त्यांच्या परवानगीनं सांगतेय. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांच्या गटाला बँकेचं दीड लाखाचं कर्ज मिळालं. गटानं ठराव करून त्यातले चाळीस हजार ताईंना गाभण गाईसाठी दिले, शेकडा एक रुपया महिना व्याजानं. पैसे खात्यावर आले. गाय बघून ठेवली होती, पण मालक म्हणाला, पंधरा दिवसांनी या. तेवढे पंधरा दिवस पैसे खात्यावर राहिले.

घरात एकोणीस वर्षांचा मुलगा. बारावी झालेला, कामाच्या शोधात. त्याच्या मित्रानं त्याला पैसे लावून रमी खेळायचं ॲप दाखवलं होतं. पहिल्यांदा पन्नास रुपये लावले, एकशे ऐंशी मिळाले. दुसऱ्या दिवशी चारशे. पोराला वाटलं, आपल्याला जमतंय. मग हरायला लागला. हरलेलं भरून काढायला आईचा मोबाईल घेतला. पिन काय असणार, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याच्याच जन्माचं साल होतं.

अकरा दिवसांत चाळीस हजार गेले. ताईंना कळलंच नाही, कारण बँकेचे मेसेज इंग्रजीत यायचे आणि मुलगा ते पुसून टाकायचा. गाय आणायला निघाल्या आणि बँकेत पासबुकवर नोंदी करून घेतल्या, तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

तरीही त्या गटात बोलल्या नाहीत. दोन महिने खुरपायला जाऊन हप्ता भरला. गाय घेतली का विचारलं की म्हणायच्या, "भाव उतरायची वाट बघतेय." तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला आणि भर बैठकीत रडू फुटलं. त्या दिवशी मी तिथं होते. जन्मसालाचं त्यांनी सांगितलं तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलं नाही, पण मला माझंच कळलं.

गटात भांडणही झालं, ते लपवत नाही. एका वहिनींचा नंबर पुढच्या महिन्यात होता, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. हप्ता थकला की बँक पुढचं कर्ज देताना हात आखडता घेते. त्या वहिनी म्हणाल्या, "तिच्या पोरानं पत्ते कुटले, माझ्या पोरीनं घरी का बसावं?" यात चुकीचं काय होतं? शेवटी अध्यक्षताईंनी बचतीतून फीचे पैसे काढून दिले आणि त्या ताईंचे हप्ते लांबवून दिले. इतिवृत्तात सगळं लिहिलं. पण तीन जणी दोन बैठकांना आल्याच नाहीत.

आम्ही तक्रार करायलाही गेलो. तिथं सांगितलं, मुलानं आपल्या हातानं पैसे भरले आहेत, फसवणूक कशी म्हणायची? तेव्हा ते खेळ कायद्याच्या कचाट्यात सहज येत नव्हते. आपल्याकडं जुगाराचा कायदा जुना आहे, १८८७ सालचा. पण १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. त्याच आधारावर या कंपन्या उभ्या राहिल्या. क्रिकेटच्या टीम लावायची ॲपही तसंच म्हणायची. त्यातल्या ड्रीम इलेव्हनचं नाव तर भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होतं. मग पोरांना ते वाईट वाटेलच कसं?

आता तो खेळ चालतो कसा, ते समजून घेऊ. गटाचा हिशेब कळतो तिला हाही कळेल. समजा, आपण दहा जणी एकीच्या ओट्यावर पत्ते घेऊन बसलो. प्रत्येकीनं शंभर टाकले, हजार जमले. ओटेवाली म्हणते, दर डावाला माझे शंभर. जिंकणारीला नऊशे. पुढच्या डावाला पुन्हा तिचे शंभर. दहा डाव झाले की ओटेवालीकडं हजार रुपये. पत्ते कुणाला चांगले आले, कुणाला वाईट, याचं तिला काही नाही. ती हरतच नाही. आणि आपण दहा जणींनी मिळून घरून जे आणलं, त्यातले हजार कमी झालेच. एखादी हुशार जिंकेलही, पण ती आपल्याच बाकीच्या नऊ जणींचं जिंकणार. वर सरकारचा करही होता. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि जिंकलेल्या निव्वळ रकमेतून ३० टक्के कर आधीच कापून. एवढं सगळं वजा होऊन पोरगा श्रीमंत होणार कुठून?

आपली भिशी आठवा. त्यातही दहा जणी शंभर टाकतात. पण हजारच्या हजार एकीला मिळतात आणि पाळी सगळ्यांची येते. गटात तर व्याजसुद्धा आपल्याच पेटीत पडतं. कुणी "हा खेळ आहे, यात लावलं तर काय बिघडतं" म्हटलं, की एवढंच विचारा: ओटेवाली कोण, आणि तिचा दर डावाला वाटा किती?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन खेळ त्यानं बंद ठरवले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँका आणि पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांनाही मनाई. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण तो बुडालेला आहे असं कायदा धरतो. सरकारचा अंदाज असा होता की देशात ४५ कोटी लोक यात मिळून वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात. कायदा आल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. कंपन्या कोर्टातही गेल्या.

म्हणजे आता काळजी मिटली का? माझ्या मते नाही. दुकानातली ॲप बंद झाली, तसे चोरवाटेचे सुरू झाले. कुणीतरी टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतं, ती दाबून ॲप घ्यायचं, पैसे कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यावर टाकायचे. पूर्वी निदान कंपनीचं नाव तरी होतं. आता पैसे गेले तर कुणाला धरणार? शिवाय असे धंदे करणारे गावातल्या पोरांची बँक खाती भाड्यानं मागतात. "खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो." असं कुणी म्हणालं, तर तो माणूस दारात उभा करू नका. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला की पोलीस खातेदाराच्या घरी येतात आणि खातं गोठतं. बचत गटाचं खातं तर कुणाच्याही हातात देऊ नका, चुलत दिराच्या हातातसुद्धा नाही.

आता घरात काय करायचं? यूपीआयचा पिन आजच बदला. जन्मसाल, लग्नाचं साल, गाडीचा नंबर, १२३४, हे काही नको. मीच सांगितलं होतं, आता मीच मागं घेते. बँकेत किंवा ॲपमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करता येते. आपल्याला दिवसाला दोन हजार पुरत असतील तर एक लाखाचं दार उघडं कशाला ठेवायचं? यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" नावाची जागा असते, तिथं आपल्या नकळत दर महिन्याला काही कापलं जातंय का ते दिसतं. नको असेल ते रद्द करा. आणि गटाचं कर्ज खात्यावर आलं, की ज्या कामासाठी घेतलं ते होईपर्यंत दर दोन दिवसांनी शिल्लक बघा. वाचता येत नसेल तर आपल्या बँक सखीला विचारा.

फसवणूक झालीच, तर १९३० वर लगेच फोन करायचा. लगेच म्हणजे त्याच तासात. पैसा चार खाती फिरून जायच्या आत अडवता येतो. नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, या विचारात रात्र घालवलीत की पैसा गेला. आणि पोरगा खेळातून बाहेर येत नसेल, झोपत नसेल, चिडत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मारझोड करून कुणी सुटल्याचं मी बघितलेलं नाही.

सगळेच खेळ वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. खेळ आपल्याकडं होतेच की. सारीपाट, सागरगोटे, मंगळागौरीचे खेळ. पचिसी इंग्रज घेऊन गेले आणि तिचा लुडो करून परत पाठवला. तोच लुडो मोबाईलवर आला. लुडो किंग नावाचा खेळ आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ मध्ये काढला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. मीही माहेरच्या वहिनीबरोबर खेळलेय, ती माझी सोंगटी मारताना फार हसते. त्यात पैसे लावावे लागत नाहीत. कंपनी कमावते ती मध्ये येणाऱ्या जाहिरातींतून आणि किरकोळ विक्रीतून.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं २०२० मध्ये "राजी" नावाचा खेळ बाहेर काढला. कसरतीचे खेळ करणारी एक मुलगी राक्षसानं पळवलेल्या आपल्या भावाला शोधायला निघते, अशी गोष्ट. चित्रं आपल्याकडच्या देवळांसारखी, वाड्यांसारखी. जगभरात खेळला गेला. चित्र काढणारी, गोष्ट लिहिणारी, आवाज देणारी, चुका तपासणारी माणसं अशा कामाला लागतात. म्हणून तुमची मुलगी चित्रं चांगली काढत असेल, संगणकात रमत असेल, तर "हे काय पोटाला घालणार" म्हणून वही फेकू नका. मुंबईत २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या पुढाकारानं भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आहे. दहावीनंतर चौकशी करायला हरकत नाही.

पण पोरगा म्हणाला, "मला स्पर्धेत खेळून कमवायचंय, चाळीस हजारांचा मोबाईल घेऊन दे," तर थांबा. ई-स्पोर्ट्स म्हणजे पैसे न लावता, स्पर्धेत खेळायचा खेळ. नव्या कायद्यानं त्याला मान्यता दिली आहे. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, त्याला पदकंही होती. खोटं नाही ते. पण गावात क्रिकेट शंभर पोरं खेळतात आणि रणजीत एकही जात नाही, तसंच हे. शिवाय एखादा खेळ रात्रीतून बंद होतो. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्या खेळावर दोन-तीन वर्षं घासलेल्या पोरांनी काय करायचं? खेळू दे, पण शिक्षण सोडून नाही आणि गटाच्या कर्जातून तर नाहीच.

एका गटानं माझ्याकडं "गेम झोन" काढायचा प्रस्ताव आणला होता. चार संगणक, खुर्च्या, गाळा. मी नाही म्हटलं आणि त्या अजून माझ्यावर थोड्या नाराज आहेत. माझं म्हणणं असं: पूर्वी तालुक्याला सायबर कॅफे होते, आठवतंय? २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आलं आणि ते एकेक करून बंद पडले. ज्या गोष्टीसाठी पोरगं आपल्याकडं येणार, ती त्याच्या खिशातच असेल तर तो येईल कशाला? आणि भारनियमनात संगणक चालवणार कशावर?

मग धंदा कशात आहे? मोबाईलच्या दुरुस्तीत. गावात मोबाईल सगळ्यांकडं आहेत आणि नवीन घेणं परवडत नाही म्हणून लोक जुनेच चालवतात. शेजारच्या गावातल्या एका वहिनींनी हे काम धरलं. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, आपण आरसेटी म्हणतो तिथं, मोबाईल दुरुस्तीचं तीस दिवसांचं प्रशिक्षण मोफत असतं. राहणं-जेवणही मोफत. त्या गेल्या तेव्हा वर्गात तीनच बाया होत्या. परत येऊन सोल्डरिंग गन, गरम हवेचं मशीन, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा संच असं पंधरा-वीस हजारांत जमवलं आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं.

सगळ्यात जास्त काम चार्जिंगच्या पिनचं येतं. सुटा भाग चाळीस-पन्नासचा, मजुरी धरून दीडशे-दोनशे घेतात. काचेवरचा टेम्पर ग्लास तालुक्यात ठोकला वीसला मिळतो, बसवून ऐंशीला जातो. डिस्प्ले बदलायचं काम मोठं, पण त्यात सुटा भाग फुटला तर आपलाच तोटा, म्हणून पहिलं वर्षभर त्यांनी ते घेतलंच नाही. आणि त्यांच्याकडं गिऱ्हाईक कोण? बहुतेक बाया आणि कॉलेजच्या मुली. तालुक्याच्या दुकानात अनोळखी पोराच्या हातात मोबाईल सोडून यायचं, आत आपले फोटो, मेसेज. ही धास्ती प्रत्येकीला असते. वहिनी समोर बसवून दुरुस्त करून देतात. हे गणित कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, त्यांचं त्यांनाच सुचलं.

त्यांचीही फजिती झाली, तीही सांगते. दिवाळीत नऊ हजारांची कव्हरं भरली, रंगीत, चमकीची. सहा महिन्यांत मॉडेल बदलली आणि कव्हरं तशीच पडून राहिली. आता त्या गावात कुठला मोबाईल जास्त चालतो ते वहीत लिहून ठेवतात आणि कव्हर मागणीप्रमाणंच आणतात. फुगलेली बॅटरी आली तर ती उन्हात, घरात, लेकरांच्या हाताशी ठेवत नाहीत. वेगळ्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवतात.

जुने मोबाईल घेऊन विकायचे असतील तर एक सावधगिरी. मोबाईलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की त्याचा आयएमईआय नंबर दिसतो. मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवायचा. तो चालू नोंदीचा आहे की बंद केलेला, ते कळतं. चोरीचा मोबाईल घेतला तर पैसे तर जातीलच, पोलिसांच्या चकराही पडतील. आणि नवा घेतला आणि दुकानदार वॉरंटी नाकारत असेल, तर पावती हातात ठेवून १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. पावतीशिवाय काही घेऊच नका, दुकानदार भाचा असला तरी.

भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मोठं करायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या बाईला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे पाचच टक्के. पण मोबाईलवर "पाच मिनिटांत कर्ज" देणारी ॲप नकोत. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं तुमच्या फोनमधली नावं, फोटो बघायचे नाहीत. जे ॲप आधी तेच मागतं, ते पुढं काय करणार हे ओळखा.

आमच्या प्रभागातून दुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी नावं घेणं सुरू आहे. किमान दहा जणी झाल्या तर आपल्या बायांची वेगळी तुकडी मिळेल असं संस्थेनं तोंडी सांगितलं आहे. सात झाल्या आहेत. आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन आपल्या सीआरपी ताईंकडं नाव द्या. लहान लेकरू असेल तर आधी सांगा, त्याची काय सोय होते ते मी विचारून ठेवते.

आणि हो, त्या ताईंचं विचाराल. गाय अजून घेतलेली नाही. मुलगा चाकणला कंपनीत लागलाय, महिन्याला तीन हजार पाठवतो, दोनदा चुकवले. हप्ते आठ राहिले आहेत. नर्सिंगच्या फीवरून भांडलेल्या वहिनी आता बैठकीत त्यांच्या शेजारी बसतात, बोलतात कमी. मागच्या आठवड्यात ताईंनी माझ्यासमोर पिन बदलला. मी विचारलं, लक्षात राहील ना? तर पदराआड मोबाईल धरून म्हणाल्या, "राहील की. पण तुम्ही तिकडं बघा."